ओढा माझा, अनुदान सरकारचं

३ मार्च

शेजारच्या लॉयल पिकन्सच्या रँचवर नवे हौद, नवी पाइपलाइन, नवं कुंपण. सगळं सरकारी पैशातून! आणि मी इतकी वर्षं त्याला कष्टाळू समजत होतो.

मी आयुष्यभर सरकारकडे पाठ फिरवून जगलो. पण पूर्व ऑरेगनच्या या कोपऱ्यात जमीन-पाणी वाचवण्याच्या नावाखाली इतक्या योजना पडून असताना त्या लॉयलसारख्या बेताच्या बुद्धीच्या माणसासाठी सोडून देणं म्हणजे देशाचं नुकसान. संकल्प: यंदा अनुदान मिळवायचं.

बायकोला, ट्रूडीला, सांगितलं. तिने आठवण करून दिली की चर्चच्या जेवणात मी असे पैसे घेणाऱ्यांना फुकटे म्हणालो होतो. म्हणालो, तेव्हा माझा अभ्यास नव्हता.

१२ मार्च

काउंटीच्या जमीन-पाणी ऑफिसात गेलो. अधिकारी म्हणून एक पोरगी बसवली आहे. मारिसोल इबारा. माझे बूट तिच्याहून वयाने मोठे. विचारते, "मिस्टर स्ट्राउड, जमिनीची अडचण काय आहे?" म्हटलं, "अडचण? माझी जमीन काउंटीत एक नंबर आहे." तर म्हणे, "मग अनुदान कशाला हवंय?"

उद्धटपणा! बाहेर आलो. पिकअपमध्ये बसून राहिलो. परत आत गेलो आणि सांगितलं. ओढा दर वर्षी खोल खचतोय, काठ ढासळतायत, जुलैत थेंब उरत नाही. मागच्या उन्हाळ्यात पाण्यापायी अर्ध्या गायी विकल्या. सांगताना डोळे पुसावे लागले. ऑफिसातला हीटर बिघडला असावा.

मे महिन्यात जागा बघायला येते म्हणाली.

१३ मार्च

लॉयल भेटला. न विचारताच सांगत सुटला, कोणती योजना चांगली, अर्ज कधी करायचा, इबाराबाई किती मदत करतात. म्हणाला, "अडलं तर हाक मार, वेन्डेल." इतका गोड बोलतो म्हणजे डाव आहे. सल्ला मानायचा नाही.

२० एप्रिल

नवं संकट. वरच्या कुरणात बीव्हर आले. फावड्यासारख्या शेपटीचे ते थोराड उंदीर. माझी पॉप्लरची झाडं दातांनी पाडून ओढ्यावर बांध घातलाय. मागे तळं साचलंय, कुरणात चिखलच चिखल.

ट्रूडी रोज संध्याकाळी कॉफीचा मग घेऊन तिथे जाऊन बसते. म्हणते, "किती मन लावून काम करतात रे." माझं काम बघायला कधी मग घेऊन आली नाही.

२३ एप्रिल

इबारा येणार आणि शेत असं अवकळा आलेलं! ट्रॅक्टरला साखळी बांधून बांध ओढून काढला. तळं बघता बघता वाहून गेलं. छान मोकळं दिसतंय.

जेवताना ट्रूडी बोलली नाही. भांडी मात्र बोलली.

३० एप्रिल

बीव्हरांनी बांध पुन्हा घातला. पुन्हा काढला.

६ मे

पुन्हा घातला, पुन्हा काढला. आता निघून गेले, ओढ्याने खाली, लॉयलच्या हद्दीत. माझ्या चिकाटीपुढे टिकतील कसे? आता निस्तरू दे त्याला.

१४ मे

इबारा आली. कुरतडलेले बुंधे बघून तिचा चेहरा उजळला. "बीव्हर आहेत तुमच्याकडे?" मी अभिमानाने सांगितलं, होते, हाकलले.

ती दगडावर बसली. मग म्हणाली, तुमच्या ओढ्याला एकच योजना चपखल बसते. ओढ्यात खुंट ठोकायचे, त्यांत विलोच्या झाडांच्या लवचीक फांद्या विणायच्या आणि बीव्हरसारखे बांध करायचे. पाणी अडतं, गाळ साचतो, ओढ्याचा तळ वर येतो. सरकार पैसे देतं.

मला वाटलं, थट्टा करते. विचारलं, "बीव्हरसारखे बांध? कशासाठी?"

"खरे बीव्हर यावेत म्हणून."

"माझ्या बीव्हरांनी तर फुकटात घातला होता!"

"हो ना," म्हणाली.

ट्रूडी मागे उभी होती. हसली. लग्नानंतर इतकी कधी हसल्याचं आठवत नाही. सरकारी योजना किती मूर्ख असतात, हे मात्र आज सिद्ध झालं. अर्ज भरला.

१९ जुलै

ओढा आटला. टँकरने पाणी वाहतोय. ट्रूडीची कंबर धरली आहे, तरी टँकर तीच चालवते, कारण माझी पाठ दुखते.

लॉयलच्या कुरणात बीव्हरांचं तळं तुडुंब. हिरवंगार. त्याचा फोन आला, "फाटक उघडं ठेवलंय, गायी पाठव." मी म्हणालो, आमचं छान चाललंय. फोन ठेवून वळलो तर ट्रूडी गायी घेऊन निघालेली. म्हणाली, "तू इथे बसून स्वाभिमान सांभाळ."

गायी गेल्या. एकीनेही मागे वळून पाहिलं नाही. गायींना स्वाभिमान नसतो.

३० सप्टेंबर

अर्ज मंजूर! लॉयलला मुद्दाम जाऊन सांगितलं. तो खरोखर खूश झाला. दाखवत तरी तसंच होता.

२२ ऑक्टोबर

बांध पूर्ण. कमरेइतक्या गार चिखलात उभं राहून विणला. इबारा म्हणाली, फांद्या अजून दाट विणा, बुडाशी चिखल दाबा. मी माणूस आहे, म्हटलं, उंदीर नाही. ट्रूडी म्हणाली, "ते दिसतंच आहे." तिला बांध आवडलेला दिसतो.

९ एप्रिल

डोंगरावरचं बर्फ वितळलं. ओढ्याला पाणी आलं. बांध गेला.

११ एप्रिल

इबारा, ट्रूडी आणि मी बांध शोधत ओढ्याने खाली गेलो. सापडला. लॉयलच्या बीव्हरांनी माझे खुंट आणि माझ्या फांद्या आपल्या बांधात बसवून टाकल्या आहेत. दाट. बुडाशी चिखल दाबून. त्यांचा बांध पुराने तसूभर हलला नव्हता. दोन पिल्लंही दिसली.

मी माझे खुंट मोजले. शेवटी मीच विचारलं, ते परत माझ्याकडे यायला काय करावं लागेल?

इबारा म्हणाली, "पिल्लं मोठी झाली की नवी जागा शोधतात. तुमच्याकडे त्यांना खायला विलो आहेत. येतील. तुम्ही फक्त काही करू नका."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

त्यासाठी अनुदान आहे का, विचारलं. नाही म्हणाली.

परतताना ट्रूडीने माझा हात धरला. म्हणाली, "वेन्डेल, हे तुला जमायचं नाही."

न जमायला काय झालं? उद्या पहाटेच सुरुवात करतो.