माहेरचं बळद

रविवार, १४ मार्च १९४८. तेर

आज माहेरी आले. बाकीचं नंतर, आधी हे वाक्य लिहून ठेवते.

दादा स्वतः सोलापूरला न्यायला आला होता. मावशीच्या दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तारा, चल घरी." हे गेले तेव्हा ह्याच दादानं, उत्तरेश्वरानं, मला निरोप पाठवला होता की हिकडं येऊन काय करतीस, तिकडंच बघ. आता त्याच्या कानाजवळचे केस पांढरे झालेत. मला जुनं काही आठवावंसं वाटलं नाही. शाळेत रजा टाकली, ट्रंक भरली.

मावशी बडबडत होती. रझाकारांच्या भीतीनं माणसं निजामाच्या मुलखातून इकडं पळून येतायत, आणि तू उलटी तिकडं कशाला? तिला सांगितलं, दादाला सामानाची बांधाबांध करायला घरचं माणूस हवंय. झालं की आम्ही सगळेच बार्शीला जाणार. तिथं दादानं घर बघितलंय, त्यात एक खोली माझी.

बार्शीहून बैलगाडीनं आलो. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायानं ट्रंक उघडली. आत दोन लुगडी आणि दादाच्या पोरांसाठी घेतलेल्या पाट्या बघून हसला आणि जाऊ दिलं.

दारात कस्तुरावहिनीनं माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. जेवायला शेंगाच्या पोळ्या. मला आवडतात हे तिच्या लक्षात होतं.

मंगळवार, १६ मार्च

दोन दिवस नुसती बांधाबांध. मला हे काम मनापासून आवडतं. तांब्याचे हंडे आतून कोरडे करून त्यांत भुसा भरला, म्हणजे चेपत नाहीत. लोखंडाच्या वस्तूंना करडीचं तेल चोळलं. लुगड्यांच्या घड्यांत कडुलिंबाचा वाळलेला पाला घातला. चहाच्या बश्या चिंध्यांत गुंडाळून घंगाळात ठेवल्या. वहिनी म्हणाली, तुमच्या हाताला लई वळण हाय, वन्सं.

गाडीवर थोडंच न्यायचं, नाहीतर नाक्यावर अडवतात. बाकीचं सगळं बळदात. लहानपणी मी ह्या बळदाला भ्यायची. दोन जाड भिंतींच्या मधली अंधारी पोकळी, त्यात ज्वारी भरायची. तोंड वर माळवदावर, म्हणजे मातीच्या धाब्यावर, आणि खाली माजघराच्या भिंतीत धान्य काढायला एक भोक, हात जाईल एवढं. दादानं ज्वारी विकून ते रिकामं केलंय. सामान भरून वरचं तोंड मातीनं बंद केलं, की माळवद सगळं सारखंच दिसतं. परक्याला पत्ता लागायचा नाही.

आळीतली इतर घरंही आपापली गाठोडी आमच्याच बळदात ठेवणार आहेत. दादाच्या शब्दाला एवढी किंमत आहे हे बघून बरं वाटलं.

शुक्रवार, १९ मार्च

दादाची एक गंमत. प्रत्येक वस्तू खाली सोडायच्या आधी तो ती माझ्या हातात देतो आणि म्हणायला लावतो, "ही माझी." परात, समई, अडकित्ता, सगळं. मी विचारलं, हे काय रे? तर म्हणाला, बहिणीचा हात लागला की वस्तू सुखरूप राहती. मग हसून विचारलं, "माझ्या लेकरांबिगर कुणाला देनार न्हाईस न्हवं?" मी म्हटलं, नाही देणार. त्यानं पुन्हा विचारलं. ह्या वेळी हसला नाही. मी पुन्हा नाही म्हटलं.

आज शांताक्का आली. शेजारच्या वाण्याची लेक, आम्ही एकाच तळ्यावर धुणं धुतलेल्या. लग्न करून ह्याच आळीत राहिली. तिचं लाल फडक्यातलं गाठोडं तिनं माझ्या हातात दिलं. आत तिच्या आईची बोरमाळ आहे म्हणाली. मी तिला मिठी मारली. ती ताठ उभी राहिली. माझ्या खांद्यावरून भिंतीकडं बघत होती.

रविवार, २१ मार्च

आज माझी ओटी भरली.

विधवेची ओटी कुणी भरत नाही. पण आळीतल्या बाया एकेक करून आल्या, तांदूळ, नारळ, खण माझ्या पदरात घातले, आणि वाकून पाया पडल्या. माझ्याहून मोठ्या बायासुद्धा. मला रडू आवरेना. वहिनीनं सांगितलं, काळ बदललाय, वन्सं. सोलापुरात तरी कुठं एवढा बदललाय?

एकच गोष्ट टोचली. पाया पडताना प्रत्येक बाई हळूच काहीतरी पुटपुटत होती. एकीचं ऐकू आलं. ती म्हणत होती, आमचं पितळेचं पिंप निळ्या दोऱ्याचं हाय, ध्यानात ठिवा.

वाटलं, बांधणाऱ्या बाईलाच सांगणार ना.

मंगळवार, २३ मार्च

परवा होळी. त्याआधी निघायचं ठरलंय. आज गाडी भरली. दादाची जागा, वहिनीची, मुलांची, मध्ये गाद्या. मी विचारलं, मी कुठं बसू? वहिनी आत निघून गेली. दादा म्हणाला, तुझी सोय हाय.

माझी ट्रंकही बळदात सोडली. मी म्हटलं, अरे, त्यात माझी लुगडी आहेत, बार्शीला काय नेसू? तो म्हणाला, मागनं घेऊ.

वीरप्पा गवंडी माळवदावर माती कालवत होता. त्याला पाणी नेऊन दिलं. त्यानं तांब्या घेतला नाही. मी विचारलं, बळदाचं तोंड कधी लिंपणार? तो दादाकडं बघत राहिला. मग खाली मान घालून फावडं ओढू लागला.

रात्री नीट झोप नाही. ही वही आता ओच्यात ठेवते. का, ते सांगता येत नाही.

बुधवार, २४ मार्च. दुपार असावी

बळदात आहे.

सकाळी दादा म्हणाला, खाली हंडे कलंडलेत, तूच नीट लाव, तुझ्या हाताला वळण हाय. शिडीनं उतरले. हंडे कलंडलेले नव्हते. वर बघितलं तर शिडी चालली होती.

मला वाटलं चेष्टा. दादा, अरे शिडी सोड, म्हटलं. तोंडाशी डोकी दिसली. दादा, वहिनी, वीरप्पा. मागं आळीतल्या बाया. शांताक्काही होती.

दादा रडत होता. ते जास्त वाईट. म्हणाला, "राखणीला रक्ताचंच मानूस लागतं, तारा. परक्याला आमची वळख ऱ्हात न्हाय." म्हणाला, आजाच्या काळात असंच केलं होतं, म्हणून घर टिकलं. तुला ना मूल ना बाळ. आळीनं मिळून ठरवलं. माझ्या लेकरांबिगर कुणाला देनार न्हाई, असा तू शब्द दिलास.

मी दिला होता. भाऊ विचारतोय म्हणून दिला होता.

मी वहिनीला हाक मारली. शांताक्काला मारली. मग फरशी आली, आणि तिच्यावर माती पडल्याचा आवाज.

खालच्या भोकात बाहेरून दगड बसवलाय. कडेला बोटभर फट राहिलीय. वीरप्पानं मुद्दाम ठेवली की विसरला, कोण जाणे. तिच्यातून उजेड येतो. त्यात लिहिते.

बुधवार, नंतर

गाडी गेली. बैलांच्या घुंगरांचा आवाज फटीतून ऐकला. वळणावर थांबली, वाटलं, परत येतोय. पुन्हा चालू झाली.

ओरडून घसा बसला. घर रिकामं आहे.

मावशीला वाटेल मी सुखात आहे.

गुरुवार?

नारळ फोडून पाणी प्यायले. ओटीतला, इथं आधीच आणून ठेवलेला. म्हणजे शिदोरी होती ती — बायांनी मला शिदोरी बांधली —

बसायला जागा नाही. सगळीकडं सामान. मीच किती नीट रचलंय.

उजेड गेला, पुन्हा आला

हंड्याच्या काठानं दगडाभोवती उकरलं. नखं गेली. आतून दगड हलत नाही.

अंधारात कुणीतरी हंडे मोजतं. आवाज येतो, एकावर एक हलकी टकटक. मी हलत नाही तेव्हाही. दादा म्हणाला होता आजाच्या काळात — कोण होती ती? तिलाही कुणी घ्यायला आलं होतं का, चल घरी म्हणून —

कोपऱ्यात तळाला राहिलेल्या ज्वारीखाली बांगड्या सापडल्या. हाडांत.

मी तिला म्हटलं, सरक थोडी.

आता भीती वाटत नाही. तेच वाईट आहे. निळ्या दोऱ्याचं पिंप कुठं आहे मला डोळे मिटून सांगता येतं. कुणाचं काय, सगळं. ध्यानात आहे. नको असून —

उजेड

माजघरात पावलं. बाईची. पहार घासल्याचा आवाज. दगड निघतोय. देवा —

शांताक्का आहे. तिचा आवाज ओळखला. मी म्हटलं, अक्का, माळवदावर जा, फरशी काढ, शिडी सोड. ती म्हणाली, "तारा, तेवढं माझं गाठोडं दे. आमची गाडी उभी हाय."

मी म्हटलं, आधी मला काढ.

म्हणाली, आधी गाठोडं दे, मग बघते.

मी जिवंत आहे का, हे विचारलंसुद्धा नाही.

म्हटलं, घे. हात आत घाल.

तिनं कोपरापर्यंत घातला. चाचपतेय. हात मऊ आहे, अजून तसाच.

धरला.

ओढतेय ती. ओरडतेय. मी सोडत नाही, मला सोडताच येत नाही, बोटं माझी नाहीत — माझ्या हातावरून आणखी एक हात आलाय, मागून, गार — आम्ही दोघींनी धरलंय. डाव्या हातानं लिहिते. ती आता देवाचं नाव सोडून माझं नाव घेतेय, तारा, तारा, लहानपणी तळ्यावर मारायची तशी हाक, आणि मला वाटतं सोडावं, मी सोडते, पण मागची बाई —