बिबट्या नव्हे, तरस

११ मार्च
दिवाळीनंतर इथे एक ओळ लिहिलेली नाही. कारणं द्यायला बसले तर पान त्यातच संपेल. स्वतःचीच माफी मागते आणि पुढे जाते.

आज नळ होता. पहाटे मागच्या अंगणात पाइप लावायला गेले, तर शेवग्याखालच्या घमेल्यात तोंड घालून एक जनावर पाणी पीत होतं. आधी वाटलं गल्लीतला कुत्रा. मग त्याने मान वर केली. पुढचे पाय उंच, मागचा भाग बसका, अंगावर पट्टे, मानेवर आयाळ. डावा कान फाटलेला. तरस. मी पाइप धरून तशीच उभी, पाणी पायावरून चाललंय. ते घाई न करता भिंतीच्या पडक्या कोपऱ्यातून पलीकडे गेलं. पोटाखाली आचळं लोंबत होती. म्हणजे मादी.

नानांना (सासरे) सांगितलं. बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "तरस शे ते. मरेल ढोर खास. काही करत नही." म्हणजे मेलेली ढोरं खातं, माणसाला काही करत नाही.

नवऱ्याला, सुरेशला, फोनवर सांगितलं नाही. तो नोकरीपायी दोंडाईचाला एकटा, उगाच घोर. शनिवारी आला की बघू.

१४ मार्च
पिल्लू आहे. एकच दिसलं. भिंतीपलीकडे दिलीपभाऊंचे विकायला काढलेले प्लॉट, सगळीकडे वेडी बाभूळ, शेवटी नाला. नाल्याच्या कडेला सिमेंटचा टाकून दिलेला पाइप आहे, त्यात. संध्याकाळी गच्चीवरून पाहिलं. राखाडी, कान डोक्यापेक्षा मोठे.

बारावीच्या जीवशास्त्राला पंधरा वर्षं झाली शिकवतेय. जिवंत तरस आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, तेही कपड्यांच्या दोरीखाली.

१९ मार्च
कॉलनीच्या ग्रुपवर व्हिडिओ. अंधुक, हललेला. खाली: "सावधान! आपल्या कॉलनीमागे बिबट्या."

दोन दिवसांत मागची वाट बंद पडली. बाटल्या घेऊन बाभळीत बसणारी पोरं गायब. प्लॉट बघायला आलेली माणसं गाडीतून न उतरताच परत गेली म्हणे. दिलीपभाऊ हवालदिल. पिल्लू आज दिवसाउजेडी बाहेर आलं, स्वतःच्या शेपटीमागे फिरलं.

मला माहीत आहे आणि मी गप्प आहे. हे खोटं बोलणंच झालं का? वर्गात एका मुलाने चूक लिहिलं तर मी फळ्यावर दुरुस्त करते, आणि इथे...

नाना : "बिबट्या म्हनू दे ना त्यास्ले. तुनं काय जास?"

२२ मार्च, शनि.
ग्रुपवर आज भलतंच. एक म्हणतो झुडपं पेटवा. दुसरा म्हणतो मटणात औषध घाला, सकाळी मोकळं. सुरेश जेवता जेवता वाचून दाखवत होता, त्याला गंमत वाटत होती. मी ताट सारून फोन घेतला.

लिहिलं : "तो बिबट्या नव्हे, तरस आहे. मी स्वतः जवळून पाहिलं आहे. मेलेली जनावरं खातं, माणसावर येत नाही. कृपया घाबरू नये, त्रासही देऊ नये."

अंगठ्यांचा पाऊस. "धन्यवाद मॅडम." "मॅडममुळे आज झोप लागेल."

बरं वाटलं. किती बरं वाटलं ते इथे तरी लिहावं. त्या मायलेकरांसाठी लिहिलं, की चुकीचं नाव सहन होईना म्हणून?

२३ मार्च
माझा मेसेज आता दुसऱ्या ग्रुपांवर फिरतोय. वर लिहिलंय, "तज्ज्ञांचे मत". "त्रासही देऊ नये" एवढं कुणीतरी छाटलं.

दुपारी दिलीपभाऊ पेढे घेऊन दारात. "मॅडम, तुम्ही माझं मोठं काम केलं. पाडव्याला बुकिंग आहे, गिऱ्हाईक फोनच उचलत नव्हतं. आता पुढचा भाग लगेच साफ करून घेतो, मागचा ईदनंतर."

पिल्लाचं सांगितलं. म्हणाले, "जाईल की ते कुठंतरी. जंगल काय कमी आहे?" धुळ्यात कुठलं जंगल, हे मी विचारलं नाही.

मी पेढ्याला हात लावला नाही. नानांनी खाल्ला. "गोड शे."

२५ मार्च
जेसीबी लागला. चालवणारा शकील, तोंडाला रुमाल, रोजा. मशीन बंद केल्यावर आम्ही भिंतीपाशी बोललो. "बिबट्या था तो मैंने साफ मना कर दिया था, मॅडम. घर में बच्चे हैं. तरस है तो चलेगा."

पोरं परत आली. हातात काठ्या. कुत्री सोबत. पाइपच्या तोंडाशी दगड मारून बघत होती. मी गच्चीवरून ओरडले. एकजण वर बघून, "मॅडम, माणसावर येत नाही ना ते? मग?"

माझंच वाक्य.

२७ मार्च
वन कार्यालयात फोन केला होता, आज वनरक्षक बाई येऊन गेल्या. वयाने माझ्या विद्यार्थिनीएवढ्या, नीट बोलल्या. मी त्यांना पाइपपर्यंत नेलं, मागे बघ्यांची रांग. पिल्लू काही बाहेर आलं नाही. "दिसलं की फोटो पाठवा, मॅडम. पण जागा खाजगी आहे, आणि वेडी बाभूळ तोडायला परवानगी लागत नाही. पोरांना मी दम देते."

जाता जाता : "बिबट्या असता तर आम्हीच सांगितलं असतं, कुणी तिकडे फिरकू नका म्हणून."

त्या सहज बोलल्या. माझ्या डोक्यातून जात नाही.

मादी काल पहाटे दिसली, नाल्यापलीकडे. इकडे येऊ बघत होती. कुत्र्यांनी येऊ दिलं नाही.

२९ मार्च, शनि.
केलं. संध्याकाळी ग्रुपवर टाकलं : "आज पहाटे मागे बिबट्या पाहिला. तिकडे जाऊ नये."

मिनिटभर पाहत बसले. आणि काढून टाकलं. हात माझा ऐकेना.

लगेच, "मॅडम काय डिलीट केलं?" कुणीतरी आधीच वाचलं होतं, फोटोही काढून ठेवला होता. मग हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. दिलीपभाऊ : "मॅडम, एक काहीतरी ठरवा."

सुरेश म्हणाला, "एक तर टाकायचं नव्हतं, नाही तर काढायचं नव्हतं." खरं आहे. खरं धड सांगता आलं नाही, खोटंही नाही.

३० मार्च
पाडवा. गुढी उभारली. भिंतीपलीकडे मंडप, फलक, नारळ. पुढचा सगळा भाग उघडा झालाय, डोळ्यांना लागतो. नाल्याकडची पट्टी आणि पाइप तेवढा राहिलाय.

मादी नाही.

३१ मार्च
आज ईद, मशीन बंद. शकील परवा येणार.

संध्याकाळी पिल्लू भिंतीच्या पडक्या कोपऱ्यातून अंगणात आलं. एकटं. घमेल्याची कड त्याच्या उंचीच्या वर. खाली सांडलेलं चाटलं. मी स्वयंपाकघराच्या दारात, हलले नाही. फोटो काढायचं सुचलं तेव्हा ते गेलं होतं.

त्याआधी दुपारी वनरक्षक बाईंचा फोन. दोन्ही मेसेज त्यांच्या साहेबांपर्यंत पोचलेत. "एकदा तरस म्हणता, एकदा बिबट्या. नक्की काय पाहिलं ते उद्या येऊन लिहून द्या. त्यावर पुढचं ठरेल."

तरस लिहिलं तर परवा शकील. बिबट्या लिहिलं तर मशीन थांबेल, आणि पिंजरा येईल, आत बकरी, भोवती अख्खी कॉलनी. फाटक्या कानाची परत आलीच, तर पहिली तीच त्यात जाईल. खाली सही माझी.

नाना ओट्यावर बसून ऐकत होते. "मंग, काय सांगशी सकाय?"

 

उद्या : ११ वा. वन कार्यालय. जबाब.