मनुकेच्या भावाचं काय करायचं?

राइट टाउन, जबलपूर
रविवार, जेवणं आटोपल्यावर

तीर्थरूप विभाताईस,

चंदूचा वाकून नमस्कार. वाकून हे नुसतं रीतीपुरतं नाही, सध्या मी खरोखरच वाकलेला आहे, त्याचं कारण पुढे येईल. तुझे गुडघे कसे आहेत? नागपूरला ऊन सुरू झालं का? जिन्यातल्या त्या सायकली शेजाऱ्यांनी हलवल्या, की तू अजून आडवी होऊनच खाली उतरतेस? (मुळात उतरतेस का, हे मी आत्ता विचारत नाही.) आम्ही इकडे ठीक. सुमेधाची चतुर्थी, माझी शुगर आणि वरच्या मजल्यावरचा तबला, तिन्ही आपापल्या जागी सुरू आहेत.

फोन असताना पत्र काहून, असं तू म्हणशील. तर ऐक. फोनवर मी जरा मुद्द्याशी आलो की तुझ्याकडे दूध उतू जातं. भाऊजी गेल्यापासून हे मी बघून राहिलो आहे. एकट्या माणसाचं दूध ते केवढं, आणि ते सकाळी, दुपारी, संध्याकाळी, मी तोंड उघडलं की नेमकं उतू जातंच कसं, हे फॅक्टरीत जन्म काढूनही मला उमगलेलं नाही. म्हणून पत्र. वाचताना दूध उतू गेलं तर जाऊ दे. गॅस बंद कर, ओटा पूस आणि परत इथूनच पुढे वाच.

विषय मांजराचा आहे. हसू नको. आपल्या घरात फ्रीज आला तो तुला विचारून. माझं लग्न ठरलं तेही सुमेधाला तू पाहून आलीस तेव्हा (मी नंतर पाहिलं, आणि तोवर पत्रिका छापायला गेल्या होत्या). तेव्हा दुसरं मांजर आणायचं की नाही, हेही तूच सांगायचं आहेस.

आता पहिलं कसं आलं ते. संक्रांतीत सुमेधा बेबीताईंकडे हळदीकुंकवाला गेली. (बेबीताई म्हणजे सिविल लाइंसमधल्या. एका जुन्या बंगल्याच्या मागच्या खोल्यांत राहतात, रस्त्यावरची आजारी, टाकून दिलेली मांजरं उचलून आणतात, बरी करतात आणि चांगली घरं बघून देतात.) बाकीच्या बायका वाणात स्टीलची वाटी घेऊन घरी गेल्या, आपली सुमेधा मांजर घेऊन आली. झाकणाच्या टोपलीत! काळी, सुरकुतलेली, एवढीशी, म्हणून नाव मनुका. तिला एक भाऊ, पिवळसर, त्याचं नाव बेदाणा. एका बंद दुकानाच्या शटरमागे दोघं एकमेकांना चिकटून बसलेली सापडली होती म्हणे. सुमेधाला दोघंही आणायची होती, पण एकच ठेवायचं असं आमचं ठरलं. आमचं म्हणजे माझं. रिटायर झालेल्या माणसाच्या घरात एका मांजरापुरतीच जागा असते, असं मी कडक शब्दांत सांगितलं आणि वर्तमानपत्र उघडलं.

टोपली उघडताच मनुका जी दिवाणाखाली गेली ती तिथलीच झाली. रजयांच्या पेटीमागे वीतभर जागा आहे, तिथे. खाणंपिणं आम्ही खोलीबाहेर गेल्यावर. लोक विचारायचे, मांजर कुठाय? आम्ही दिवाणाकडे बोट दाखवायचो. गावाकडे आमची शेती आहे म्हणणारे लोक असतात ना, तशी आमची गत. आहे म्हणतात, पण पाहिलेली कोणी नाही. दूधवाला भैया तर तोंडावर म्हणाला, बाबूजी, बिल्ली-विल्ली कुछ नहीं है, आप लोग दूध ज्यादा पीने लगे हो. सुमेधा सगळ्यांना सांगायची, लाजाळू आहे हो, स्वभावच तसा, तिला एकटंच आवडतं. मीही मान डोलवायचो. सोयीचं होतं ना ते.

मग एक दिवस सुमेधा भाजी आणायला गेलेली असताना मी पोटावर झोपलो, बॅटरी घेऊन मान दिवाणाखाली घातली, आणि जो गोड आवाज मी ना कधी साहेबाशी काढला ना तुझ्याशी, त्या आवाजात 'मनू, ये बेटा' असं सुरू केलं. ती काही येईना. मी मागे सरकायला गेलो आणि कमरेत अशी उसण भरली, की अर्धा चंद्रशेखर आत आणि अर्धा बाहेर! तेवढ्यात गॅस सिलिंडरवाला आला. त्याला जाळीच्या दारातून माझे नुसते पाय दिसले. भैयाजी, सब ठीक? म्हणाला. मी आतून म्हणालो, बिल्ली को बुला रहा हूँ. त्याने सिलिंडर दारातच ठेवला आणि गेला बिचारा. सुमेधा येईपर्यंत मी आणि मनुका एकमेकांकडे बघत पडलो होतो. ताई, मला वाटलं होतं ती भ्यालेली असेल. भ्यालेली होतीच, पण ती माझ्या मागे, माझ्या बाजूला, सारखं काहीतरी शोधून राहिली होती. मला पाहून झालं, मी तो नव्हे हे तिला कळलं, आणि तिने तोंड फिरवलं.

यानंतर बेबीताईंनी सुमेधाच्या मोबाइलवर बेदाण्याचा व्हिडिओ पाठवला. भरल्या वाटीसमोर बसून तो ओरडत होता. सुमेधाने फोन जमिनीवर ठेवून आवाज मोठा केला (तिला ऐकू कमी येतं, पण हे तिच्यासमोर बोलायची सोय नाही), आणि दिवाणाखालून मनुका सुसाट बाहेर आली! फोनभोवती फिरली. फोनच्या मागे जाऊन बघितलं, तिथे तो नाही. परत पुढे आली. व्हिडिओ संपल्यावर सुमेधाने फोन उचलला, तर ती फोन होता त्या फरशीवर बसून राहिली, आम्ही दोघं समोर असूनसुद्धा. मला भडभडून आलं, ताई. मी खिडकी उघडायला उठलो. खिडकी उघडीच होती.

पण भडभडून आलं म्हणून लगेच मांजर आणायचं नसतं. रीतसर पाहणी करायची, असं मी ठरवलं. सुमेधाने मनुकेचं अंथरूण असलेला टॉवेल सोबत घेतला, मी इस्त्रीचा शर्ट घातला, ऑटो केला आणि आम्ही सिविल लाइंसला बेदाणा पाहायला गेलो. बेबीताईंनी पोहे केले होते, आणि पोह्यांनंतर खोव्याची जलेबी. (काळीभोर, पाकात निथळणारी, तू मागच्या वेळी डब्यात भरून नेली होतीस तीच.) आम्ही मुलाकडचे असल्यासारखे ऐटीत बसलो होतो, पण चौकशा सगळ्या आमच्याच झाल्या. दिवसभर घरी कोण असतं, गॅलरीला जाळी आहे का, यजमान तापट आहेत का. शेवटच्या प्रश्नाला सुमेधाने जो वेळ घेतला, तो मी विसरणार नाही. मुलगा, म्हणजे बेदाणा, आला. माझ्या खांद्यावर चढला, पोह्यातला दाणा पळवला, माझा चष्मा चाटला. स्थळ मला पसंत होतं. पण तसं तोंडाने लगेच सांगायचं नसतं, म्हणून मी गंभीर चेहरा करून बसलो. जलेबीची ताटली समोर आली तेव्हा सुमेधाने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी सगळी शुगर आठवली. मी ताटली सरकवली. तिची चतुर्थी, तिनेही सरकवली. टॉवेल पिशवीतच राहिला. नमस्कार-चमत्कार करून आम्ही उठलो.

घरी येऊन आम्ही पुष्कळ वाद घातला. दोघं मिळून दिवाणाखाली बसले तर? ती एकटी निदान गप्प असते, हा तर बोंबलणारा. आमच्या वयाचं काय? आपलीच जेवणं पथ्याची, त्यात यांचं कोण बघणार? एवढं सगळं बोलून झाल्यावर, आणायचंच, असं दोघांच्याही तोंडून एकदमच निघालं. मी फोन लावला. बेबीताई म्हणाल्या, अरे भैया, मी तर देऊन टाकलं ना त्याला! मी म्हणालो, असं काहून? त्या म्हणाल्या, तुम्ही दोघांनीही जलेबीला हात नाही लावला. आमच्याकडे पसंत असलं की तोंड गोड करून उठतात, नसलं की ताटली सरकवतात, मग कोणाला तोंडाने नाही म्हणायला लावायचं नाही, हीच रीत. अधारतालची गीतांजली तुमच्या मागून आली, तिने जलेबी मागून घेतली आणि बेदाण्याला घेऊन गेली.

ताई, ही रीत तुला माहीत, मला माहीत. तू सुमेधाला पाहायला गेलीस तेव्हा लाडू खाऊन उठलीस आणि ठरलं, हे आपल्या घरात किती वेळा सांगून झालं आहे! आणि मी शुगरच्या नादात दारचं स्थळ घालवलं. सुमेधा मला काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला वरच्या मजल्यावरचा तबलासुद्धा बरा वाटतो. मनुका तिकडे फोनच्या फरशीवर येऊन बसायची, जरा वाट पाहायची आणि परत आत जायची.

शेवटी आम्ही अधारतालला गेलो. गीतांजली म्हणजे शाळेत शिकवणारी पोरगी, मोठी गोड, तिला मराठी सगळं समजतं पण बोलताना हिंदीत घसरते. तिच्या दारातच बेदाणा बसला होता आणि बाहेर बघून ओरडत होता. काका, खातच नाही, दिनभर रोता है, असं ती म्हणाली आणि तिचेच डोळे भरले. सुमेधाने पिशवीतून टॉवेल काढून खाली ठेवला. त्याने हुंगला. मग पूर्ण तोंड त्यात खुपसलं, पुढच्या पायांनी तो कवटाळला, आणि ओरडणं बंद. गीतांजली म्हणाली, काका, ले जाइए. त्याची बहीण तिकडे आहे तर मी काहून ठेवू? मला बेबीताई दुसरी देतील. आणि पोरगी आत जाऊन ताटलीत जलेबी घेऊन आली. मी सुमेधाकडे पाहिलं. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड फिरवलं. मी खाल्ली, ताई. पाक मनगटापर्यंत आला तरी खाल्ली.

पण उठताना मी गीतांजलीला स्पष्ट सांगितलं, की आमच्या घरात मोठ्या बहिणीला विचारल्याशिवाय काही होत नाही. तर आता तू सांग. आणावं की नाही? सगळं खरंखरं लिहिलं आहे, माझ्या बाजूने काही वाढवलेलं नाही. मी स्वतः मांजरांच्या भानगडीत पडणारा माणूस नव्हे, हे तुला ठाऊकच आहे. तू नको म्हणालीस तर नको. गुडघ्यांना तेल लाव.

तुझा,
चंदू

ता. क. वरचा मजकूर पुसट झाला आहे तो पावसाने नव्हे. बेदाणा शाईवर बसला होता. तो त्याच दिवशी ऑटोतून आमच्याबरोबर आला, त्यामुळे तू नको म्हणालीस तर जरा अडचण होईल. मनुका बाहेर आली आहे. आधी दिवाणाच्या कडेपर्यंत, मग त्याच्या मागेमागे स्वयंपाकघरात, आणि आज ती उन्हात, खिडकीत, चक्क पोट वर करून पडली आहे. दूधवाल्याला बोलावून दाखवली. तो म्हणाला, अच्छा, तो यह थी!

ता. क. दुसरा, सुमेधाच्या हातचा: ताई, नमस्कार. यांनी काय काय लिहिलं आहे ते मी वाचलं. मांजरांच्या भानगडीत न पडणारा माणूस अंथरूण घेऊन दिवाणाशेजारी जमिनीवर झोपत होता, उसण भरली ती त्याने. दुसरं सांगते. तुमचा फोन वाजला की हे असतील तिथून धावत येतात आणि बोलणं होईपर्यंत फोन हातात घेऊन घरभर गोल गोल फिरतात. तुम्ही दूध उतू गेलं म्हणून ठेवलंत की तिथेच खुर्चीत बसून राहतात. त्या दिवशी फोनभोवती मनुका फिरली तेव्हा मी मनुकेकडे कमी आणि यांच्याकडे जास्त बघत होते. तुमचं तुम्ही बघा, मी काही म्हटलं नाही.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. सुमेधाने काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही. (वाचलं आहे.) ताई, मनुकेबद्दल आम्ही सगळ्यांना सांगत होतो, स्वभावच तसा, तिला एकटंच आवडतं. तसं काही नव्हतं गं. भाऊजी गेल्यापासून तुझ्याबद्दलही आम्ही लोकांना हेच सांगून राहिलो आहोत. खिडकीकडची खोली रिकामी केली आहे, कपाट पुसून ठेवलं आहे, कमोड बसवून घेतला आहे, जिन्याची भानगड नाही. चार दिवसांसाठी म्हणून विचारत नाही, राहायला ये म्हणून विचारतो आहे. फोनवर उत्तर देऊ नको, दूध उतू जाईल. तू नुसती ये. मी स्टेशनवर येतो. घरी आलीस की तुझ्यासमोर खोव्याच्या जलेबीची ताटली ठेवीन. तुलाही शुगर आहे, मला माहीत आहे. अर्धी खाल्लीस तरी चालेल.