पानिपतची बस आणि माझा पोर्टफोलिओ

२ डिसेंबर, मंगळवार

बाबांनी नवीन वर्षाचं कॅलेंडर आजच टांगलं. डिसेंबर धड सुरूही झाला नाही, आणि जानेवारीच्या एकतीस तारखेभोवती लाल गोल! रिटायरमेंट. सरोजिनी नगरचं हे सरकारी क्वार्टर त्यानंतर सहा महिने ठेवता येतं. मग आई-बाबा पुण्याला.

माझं काय, यावर जेवताना चर्चा झाली. चर्चा म्हणजे बाबा बोलले, आई वाढत राहिली, मी पोळी मोडत राहिले. "जानेवारीत इथे नोकरी लागली तर राहा दिल्लीत. नाहीतर चलो पुणे, आणि बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भर."

मी जन्मल्यापासून दिल्लीत. पुण्यात माझं मराठी ऐकून दुकानदार विचारतात, "ताई, मूळच्या कुठच्या?" मला नाही जायचं. आयुष्यात सध्या एवढंच नक्की आहे.

४ डिसेंबर

माझी आत्तापर्यंतची करिअरं: कंटेंट रायटिंग, चार महिने. डिजिटल मार्केटिंग, सात आठवडे. डेटा, एक कोर्स, तोही अर्धा. आता यूएक्स डिझाइन. म्हणजे ॲप वापरताना माणसाला डोकं आपटावंसं वाटू नये, याची सोय करणं. आई शेजारीपाजारी सांगते, "कंप्युटरचं काहीतरी करते." याहून अचूक मलाही सांगता येत नाही.

७ डिसेंबर, रविवार

गुरुग्रामला आशयदादाकडे गेले. आत्याचा मुलगा, आयटीत, एकोणिसाव्या मजल्यावर राहतो. तिथून दिसतं फक्त धुरकं, पण तो पाहुण्यांना बाल्कनीत नेऊन 'व्ह्यू' दाखवतो. आपणही वा वा म्हणायचं.

"डिग्री कोणी बघत नाही यार. पोर्टफोलिओ बघतात, म्हणजे तू काय काम केलंस ते. एक प्रोजेक्ट कर, बिल्कुल रिअल. रिअल प्रॉब्लेम, रिअल लोक."

मी म्हटलं, सगळे काय करतात? तर जेवण मागवायच्या ॲपचं बटण लाल होतं, ते हिरवं करतात, आणि त्यावर बारा पानं लिहितात. बारा पानं! शिवाय 'मी' हा शब्द प्रत्येक पानावर हवा. मी ओळखलं, मी शोधलं, मी सोडवलं. आशयदादाचा स्वतःचा पोर्टफोलिओ वाचला तर वाटतं, त्याच्या कंपनीत दुसरं कोणी कामालाच नाही.

१० डिसेंबर

प्रोजेक्ट क्रमांक एक: सरोजिनी मार्केटमध्ये घासाघीस करायचं ॲप. टी-शर्टवाल्याची मुलाखत घ्यायला वही-पेन घेऊन गेले. तो मनापासून हसला. "मॅडम, मोलभाव मोबाइल से करोगी तो मज़ा किसको आएगा?"

प्रोजेक्ट क्रमांक एक समाप्त. टी-शर्ट मात्र घेतला.

१४ डिसेंबर, रविवार

मिळाला! प्रोजेक्ट मिळाला!

आज आपल्या मराठी मंडळाची मीटिंग होती. विषय दरवर्षीचाच: चौदा जानेवारीला पानिपतला, काला अंबच्या स्मारकाला जायची बस. पानिपतावर पडलेल्यांना अभिवादन करायला दिल्लीतली आपली वीस-एक घरं निघतात. सगळे ऑफिसात सुट्टी टाकतात, पुऱ्या-बटाट्याची भाजी बांधतात आणि मग दोन आठवडे भांडतात, की बसमध्ये कोण कुठे बसणार. पद्माकरकाका अध्यक्ष. बावीस वर्षं तेच. ते वहीत नावं लिहितात, खोडतात, परत लिहितात.

रिअल प्रॉब्लेम! पंचेचाळीस रिअल लोक! मी उभी राहून म्हटलं, मी ॲप करते. टाळ्या पडल्या. पद्माकरकाका म्हणाले, "नवी पिढी!" आणि वही मिटली. त्यांचा चेहरा जरा उतरल्यासारखा वाटला. असेना.

२३ डिसेंबर

ॲप तयार. केशरी रंग, बसचं चित्र, रिकामी सीट हिरवी, भरलेली राखाडी. जो आधी येईल त्याची सीट. समान न्याय! जरीपटका सुद्धा फडकतो वरच्या कोपऱ्यात.

बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. "आणि कोणाला कुठे बसवायचं, हे कोण ठरवणार?"

"ॲप."

"त्याला हे लोक माहीत आहेत?"

छत्तीस वर्षं मंत्रालयात सेक्शनमध्ये बसून माणूस असाच होतो. प्रत्येक गोष्टीवर शेरा. मी म्हटलं, बाबा, साधं ठेवायचं असतं. ते म्हणाले, "बरं."

२७ डिसेंबर, शनिवार

सकाळी नऊला बुकिंग उघडलं. अकरा मिनिटांत बस फुल्ल! मी आनंदाने घरात नाचले. सव्वानऊला पहिला फोन आला.

शुभदाकाकूंचे दोन्ही गुडघे गेलेत — त्यांना शेवटची रांग, चाकाच्या वर. पुढच्या सगळ्या सीटा कॉलेजातल्या पोरापोरींनी पटकावल्या. बोटं चपळ ना. नवरा एका टोकाला, बायको दुसऱ्या टोकाला, अशी सात जोडपी. पैकी दोन बायका म्हणे खूश आहेत. अलकामावशी आणि राधाकाकू, ज्या सहा वर्षांपूर्वीच्या हळदीकुंकवापासून एकमेकींचं तोंड बघत नाहीत, त्या शेजारी-शेजारी!

आणि पद्माकरकाका! ते सीट नंबर एकवर बसतात. त्यांना बस लागते, आणि बस सुटताना 'हर हर महादेव' त्यांनीच म्हणायचं असतं. बावीस वर्षं. त्यांना सीटच मिळाली नाही. ते नऊ वाजता पूजेला बसले होते.

संध्याकाळपर्यंत एकोणतीस फोन आले. पानिपतावर निदान एका दिवसात आटोपलं होतं.

हे मला ठाऊक का नव्हतं? लहानपणापासून त्याच बसने जातेय. पण ते कुठे लिहिलेलंच नाही! सगळ्यांना माहीत असतं, आणि मी ज्यांना माहीत आहे त्यांनाच विचारलं नाही.

२८ डिसेंबर, रविवार

बाबांनी एका जुन्या सर्क्युलरचा कागद उलटा केला, पट्टीने बस आखली आणि फोन घेऊन बसले. चौदा फोन. मी बाजूला बसून ऐकत होते. कुणालाही त्यांनी "कुठे बसणार?" असं विचारलं नाही. तब्येत विचारली, मुलांचं विचारलं, आणि मग हळूच, "बसमध्ये कोणाची अडचण नाही ना होणार?"

प्रत्येक जण धडाधड बोलला!

नंतर मला म्हणाले, "कोणाशेजारी बसायचंय हे माणूस संकोचाने सांगत नाही. कोणाशेजारी नाही, ते विचारलं की सगळं सांगतो. आधी नकार मांडून घ्यायचे. उरलेली बस आपोआप भरते."

पेन्सिलीने प्रत्येक सीटवर बारीक खुणा. गुडघा. उलटी. रुसवा. घोरणं. कॉलेजातला एक पोरगा ड्रायव्हरच्या केबिनमध्ये, पद्माकरकाका परत सीट एकवर. चार वाजता चार्ट तयार, पाच वाजता ग्रुपवर फोटो. कोणाचाही फोन आला नाही. मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच!

३ जानेवारी, शनिवार

पोर्टफोलिओ जवळजवळ झाला. पान एक ते तीन: समस्या. पान चार: बाबांचा चार्ट. मी तो कंप्युटरवर नव्याने काढला, रंग भरले, बाण काढले. वर मथळा: 'आधी नकार — माझी पद्धत'. खाली ते वाक्य, जवळजवळ जसंच्या तसं.

आधी तळाशी लिहिलं होतं: 'वडिलांच्या मदतीने'. आशयदादाला फोनवर वाचून दाखवलं. "पागल है क्या? शाळेचा प्रोजेक्ट आहे का हा? पोर्टफोलिओत मदत नसते, यार."

खरंच शाळेसारखं दिसत होतं. काढून टाकलं. फसलेल्या ॲपलाही 'पहिली चाचणी' म्हटलंय. शब्द शोधायला मी कंटेंट रायटिंगमध्ये शिकले, ते वाया गेलं नाही.

१४ जानेवारी, बुधवार

काला अंब. इतकं धुकं की स्मारक जवळ जाईपर्यंत दिसलं नाही. महाराष्ट्रातून आलेल्या गाड्याच गाड्या, फेटे, घोषणा. बसमध्ये सगळे आपापल्या जागी होते. शुभदाकाकूंना पाय पसरायला मिळाले. 'हर हर महादेव' सीट नंबर एकवरून वेळेवर झालं. राधाकाकूंनी अलकामावशींना तिळगूळ दिला नाही, पण सीट इतक्या लांब, की ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

अभिवादन झाल्यावर पद्माकरकाका म्हणाले, "यंदा बसची व्यवस्था इतकी सुरेख झाली, त्याचं श्रेय आपल्या रेवतीला! कंप्युटर!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबा मागे उभे होते. त्यांनीही वाजवल्या.

मी हात जोडले. काहीतरी बोलायला हवं होतं. थंडी फार होती.

२० जानेवारी, मंगळवार

इंटरव्ह्यू झाला. गुरुग्राम, काचेची इमारत. ही कंपनी ऑफिसांच्या कॅबचं वेळापत्रक करून देते: कोणाला कोणत्या गाडीत, कोणाबरोबर. म्हणजे आमची बसच, फक्त रोज!

इंटरव्ह्यू घेणाऱ्या अश्लेषामॅम. पुण्याच्या, माझं नाव वाचून सरळ मराठीतच आल्या. पहिली तीन पानं त्यांनी अशी उलटली, जशी आई साडीच्या दुकानात नको असलेल्या साड्या सरकवते. चारवर थांबल्या.

"आम्ही दोन वर्षं लोकांना विचारतोय, कोणाबरोबर जायला आवडेल. 'कोण नको' असं विचारायचं आमच्या डोक्यातच आलं नाही. हे कसं सुचलं तुला?"

"निरीक्षणातून."

"एकटीने केलंस?"

"हो."

एवढंच. एक अक्षर. कान इतके तापले की मी एसीच्या खाली सरकून बसले. मेट्रोत पूर्ण वेळ स्वतःला सांगत आले, की चित्र मी काढलं, रंग मी भरले, बाण माझे. बाण छान आहेत!

२७ जानेवारी

मेल आला. निवड! सोमवारी हजर व्हायचं. दिल्लीत राहायचं! आईने गाजर हलवा केला, तूप हात सैल सोडून. बाबांनी कॅलेंडरवर दोन फेब्रुवारीला हिरवा गोल काढला आणि तीनदा विचारलं, "पक्की आहे ना? कागद दिलाय ना?" आशयदादाचा मेसेज: 'बोला था ना!'

हलवा दोनदा घेतला. दुसरी वाटी तशीच झाकून ठेवली.

३० जानेवारी, शुक्रवार

एकतीसला शनिवार, म्हणून बाबांचा निरोप समारंभ आजच झाला. समोसे, शाल, हार. त्यांचे साहेब कागद काढून भाषण वाचायला उभे राहिले. 'उल्हासजी यांनी कधीही स्वतःला पुढे न करता...' वगैरे. हिंदी इतकं सुंदर, की आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र वाक्यांची धाटणी ओळखीची वाटत होती.

परत येताना ऑटोत विचारलं. बाबा शालीत तोंड लपवून हसले.

"अगं, सेक्शनचा सगळा ड्राफ्ट मीच करतो. साहेब म्हणाले, हाही करून टाका. स्वतःचं कौतुक लिहायला लाज वाटते, म्हणून एक परिच्छेद कमीच लिहिला."

मी खूप हसले. साहेबाला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या. निर्लज्ज माणूस!

१ फेब्रुवारी, रविवार

बाबांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून माझा पोर्टफोलिओ छापून आणला. रंगीत. पुण्याला सगळ्यांना दाखवायला. मी चहा घेऊन गेले, तेव्हा पान चार उघडं होतं. मथळा, बाण, माझं नाव. किती वेळ बघत होते कोण जाणे.

"बाबा, ते मी..."

"छान मांडलंयस. माझा ड्राफ्ट नेहमीच साहेबांच्या नावाने वर जातो. या वेळी घरचा साहेब!" अगदी प्रेमाने म्हणाले. कौतुकाने.

मी तिथेच रडायला लागले. ट्रे त्यांनीच माझ्या हातातून घेतला.

"अगं वेडे, साहेब लोक कधी रडतात का?"