काचेवरची रेघ

भिवंडी, मंगळवार, ७ नोव्हेंबर १९८९

डोकं फिरलंय नुसतं. आवाजापेक्षा वेगाने धावणारे हवेचे दोन झोत एकमेकांत कुठे मिसळतात, एवढंच शोधतोय आम्ही प्रयोगशाळेत. अख्खी सकाळ टाकीत हवा भरायची, ती काही सेकंदांत संपते. तेवढ्यात झोताच्या नळीला बसवलेल्या काचेतून फोटो. दिवाळीआधीपासून प्रत्येक फोटोत झोतांच्या मधोमध एक बारीक रेघ. प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर खूश! "मिसळायला सुरुवात इथूनच होते बघ." परिषदेला कळवूनही टाकलं.

आज हवा सोडायच्या आधीच चुकून फोटो निघाला. रेघ होतीच!

काचेच्या चौकटीत अडकलेलं सूत. काच पुसायला घरून कोरं कापड मीच नेते; भिवंडीत कापडाला काय तोटा! आई म्हणते, "अगं, कोऱ्या कापडाचं सूत सुटतंच. धुऊन न्यायचं ना." हे मला माहीत नव्हतं? शेजारी दिवसभर लूम खडखडतात, माझ्या केसांतसुद्धा सूत असतं.

सूत काढून पुन्हा फोटो घेतला. दोन्ही झोत एकमेकांच्या शेजारून सरळ निघून गेले. मध्ये काही नाही.

सरांना सांगायला गेले, तर ते रेघेचा फोटो मोठा करायला पाठवत होते. तशीच मागे फिरले.

उद्या सांगायलाच हवं. कापड मात्र आत्ताच भिजत घातलंय.