चौथं पिल्लू

४ जानेवारी १९७३

आलो एकदाचे! नगरहून कर्जतपर्यंत एस.टी., पुढे बैलगाडी, शेवटी तंगडतोड. ट्रंक यांच्या डोक्यावर आणि चार महिन्यांची मरियम माझ्या कडेवर. हे, म्हणजे आमचे एलिया, वनखात्यात गार्ड झाल्यापासून असे ऐटीत चालतात की बघणाऱ्याला वाटावं सगळा माळ यांच्याच नावावर आहे.

माळावर एकुलती एक खोली. मातीच्या भिंती, वर पत्रे, कोपऱ्यात मोरी. दुष्काळानं गवताची काडी उरलेली नाही. तरी मला आवडलं बाई! सासूबाई जवळ नाहीत, दुपारी खुशाल झोपता येईल. संध्याकाळी काळविटांचा कळप अगदी जवळून गेला. काळवीट असो की लांडगा, माळावरचं एकही जनावर कुणी मारता कामा नये, असा साहेबांचा हुकूम आहे आणि तो पाळून घेणं हेच यांचं काम.

८ जानेवारी

शेजार मिळाला. ओढ्यापलीकडे धनगरांची पालं पडलीत. त्यांतली साळूबाई भेटायला आली. एवढ्या माळावर लेकरू घिऊन ऱ्हायला भ्या न्हाई वाटत व्हय, म्हणाली. मी म्हटलं, नवऱ्यासारखा शूर गडी घरात असताना भीती कसली! दोघी पोट धरून हसलो. पाण्याचे मात्र हाल आहेत. टँकर येईल तेव्हा खरा.

१२ जानेवारी

आज फार वाईट झालं. लांडग्यांनी मेंढी नेली म्हणून धनगरांनी बीळ हुडकून धूर केला. नर बाहेर पडला, त्याला काठ्यांनी ठेचला. मादी तेव्हा शिकारीला गेली होती. हे धावत गेले, भांडले आणि तीन पिल्लं टॉवेलात गुंडाळून घरी घेऊन आले.

मी आधी यांच्यावर खेकसले, इथं आपल्याच लेकराचे हाल अन् ही कुठली ब्याद! मग एक पिल्लू माझं बोट चोखायला लागलं आणि सगळा राग पळाला. दुधाची पावडर कालवून चिंधीनं पाजली. थंडी मरणाची, सरपण नाही, म्हणून मरियमच्याच गोधडीत घातली. चौघं एकमेकांना बिलगून झोपलीत. किती गोड दिसतायत!

१५ जानेवारी

भर उन्हात मादी आली. ओढ्याच्या काठावर बसून खोलीकडे बघत राहिली. यांनी डबा बडवला, तरी हलली नाही. पिल्लं परत ठेवावीत तर बीळ दगडांनी बुजवलेलं. त्यांतलं एक सकाळीच मेलं, पावडर सोसली नाही. ते दूर नेऊन ठेवलं. तिनं त्याला खूप वेळ चाटलं आणि तोंडात धरून नेलं. मला रडू आवरेना.

१८ जानेवारी

उरलेली दोन्हीही गेली. ठेवली, तिनं नेली. संपलं. साहेबांनी बोलावलं म्हणून हे सायकलनं कर्जतला गेलेत. उद्या येतील.

१९ जानेवारी

ती परत आली आहे.

आता कशाला? एकही पिल्लू उरलेलं नाही. साळूबाई निरोप घ्यायला आली होती. चारा नाही, पालं गोदेकडे हलतायत. तिनं मादीला बघितलं, मग मरियमला उचलून हुंगलं, आणि तिचा चेहराच उतरला. म्हणाली, मेंढीचं कोकरू मेलं की आमी त्याचं कातडं पोरक्या कोकराला पांघरतो. मेंढी वास घेती अन् आपलंच म्हणून पाजती. तुमच्या लेकीला त्या पिल्लांचा वास हाय. एक हितंच ऱ्हायलंय असं वाटतंय तिला. चला आमच्यासंगं.

मी हसण्यावारी नेलं. हे आज यायचे आणि घराला कुलूप? पण ती गेल्यावर गोधडी जाळली.

२१ जानेवारी

हे आले नाहीत. पालं गेली. माळावर कुणी नाही.

मरियमला साबण लावलाय, घासलंय, पुन्हा पुन्हा आंघोळ घातलीय. प्यायचं पाणीसुद्धा त्यात गेलं. मानेशी नाक नेलं की अजून तोच उग्र वास. की माझ्याच नाकात बसलाय?

ती खोलीभोवती फिरते. दिवसाढवळ्या.

२२ जानेवारी, सकाळ

टँकरचा आवाज आला. मरियमला घेऊन बाहेर पडले — वाटेत ती उभी. गुरगुरली नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मरियमकडे बघून शेपूट हलवली.

आत पळाले. टँकर गेला.

दुपार

मरियम रडली की ती बाहेर कण्हते. देवा, माझं लेकरू आहे ते. माझं!

उंबऱ्याशी उकरतेय. दाराला ट्रंक लावली, तिच्यावरच बसलेय. मांडीवर कोयता. मोरीच्या भोकात दगड कोंबलाय — माती आंघोळीच्या पाण्यानं भुसभुशीत झालीय, पण बसला. लिहिलं की जरा धीर येतो.

उकरणं थांबलं.

फटीतून बघतेय. दारात नाही. ओढ्याशी नाही. गेली बहुतेक — प्रभू येशू, गेली —

मागं खाटेवर मरियम खिदळली. गुदगुल्या केल्यावर खिदळते तशी. आणि चाटल्याचा आ—