विंगेतून गेलेलं वाक्य

प्रिय ढमे,

एवढं जाड पाकीट बघून तू घाबरणार, हे मला माहीत आहे. जी बाई वाढदिवसालासुद्धा दोन ओळींच्या वर लिहीत नाही, तिने पानंच्या पानं लिहिली म्हणजे नक्की कुणीतरी गेलं, असंच तुला वाटणार. कुणी गेलेलं नाही. तुझे बाबा धडधाकट आहेत, जेवतात, झोपतात, रोज दाढी करतात. तेव्हा आधी बस, पाणी पी आणि मग वाच. आणि उगाच शेवटच्या पानावर उडी मारू नकोस, तुझी ती घाणेरडी सवय कादंबऱ्यांपुरती ठेव.

मी कामावर माती खाल्लीय, ढमे. थोडीथोडकी नाही, घमेलंभर. आणि तीही तुझ्या बाबांच्या बाबतीत, म्हणजे मी ज्यांना लहानपणापासून काका म्हणते त्यांच्या. तुला आठवतं ना, कॉलेज संपल्यावर मी घरी बसून सगळ्यांचं डोकं खात होते, आणि काकांच्या नाटक कंपनीला प्रॉम्प्टर हवा होता. तूच त्यांना म्हणालीस, हिला घ्या, निदान तीन तास तरी हळू आवाजात बोलेल. तेव्हापासून मी डाव्या विंगेत उभी आहे, हातात संहिता आणि वर तो एवढासा दिवा. इतक्या वर्षांत मी एकच गोष्ट कमावली, ती म्हणजे माझी कुजबुज. स्टेजवरच्या माणसाच्या कानात बरोब्बर जाते आणि पहिल्या रांगेत एक अक्षर पोचत नाही. मला त्याचा केवढा गर्व होता!

तर झालं काय, पहिल्या अंकाच्या शेवटी काका अडकले. ते निवृत्त हेडमास्तरांचं नाटक, तू पाहिलंयस. नाटकातली बायको मटार सोलत बसलेली असते आणि हे छाती काढून म्हणतात, या घरात शेवटचा शब्द माझाच. बस, पडदा. शेकडो वेळा म्हटलेलं वाक्य. त्या दिवशी ते येईचना. मी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, ते नुसते माझ्याकडे पाठ करून उभे. शेजारी लाइटवाला उभा होता. काका माझ्या बाजूला वळले तेव्हाच नेमकी माझी सटकली आणि मी त्याच्याकडे वळून म्हणाले, "बायको गेल्यापासून डोकं ठिकाणावर नाही म्हाताऱ्याचं." आता विंगेत उभं राहिलं की माझ्या घशाला एकच आवाज काढता येतो, तो स्टेजवर जाणारा. काकांनी मान उचलली, छाती काढली आणि भरल्या थिएटरात, त्या त्यांच्या घुमणाऱ्या आवाजात, शब्द न् शब्द म्हणाले, "बायको गेल्यापासून डोकं ठिकाणावर नाही म्हाताऱ्याचं!"

मी मेले गं तिथल्या तिथे. नाटकातली बायको मात्र काय बाई आहे! हातातला मटार खाली टाकून ती म्हणाली, "अहो, गेले कुठे? ही काय, इथेच बसलेय!" थिएटर असं फुटलं हसून, की पडदा पडला तरी लोक थांबेनात. मी काळोखात उभी, कानशिलं तापलेली, आणि डोळ्यांसमोर फक्त काकू. त्यांना जाऊन अजून वर्ष नाही झालं. तुझ्या आईबद्दल, तिच्याच नवऱ्याच्या तोंडून, लोकांना हसायला माझं वाक्य. जीभ कापून परत घेता आलं असतं तर घेतलं असतं, खरंच सांगते.

मध्यंतरात मी मेकअप रूमच्या दाराशी उभी राहिले, आता काय तो फटका बसू दे म्हणून. काका कसे आहेत ते तुला सांगायला नको. खुर्ची वीतभर सरकली तरी थैमान घालणारा माणूस. लहानपणी तू त्यांची संहिता पाटाखाली ठेवलीस म्हणून दोन दिवस जेवले नव्हते, हे काकूच सांगायच्या. आणि त्या दिवशी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, आज आवाज छान पोचत होता हं तुझा. बस. मला वाटलं, म्हातारा डूख धरून बसलाय, हळूहळू काटा काढणार.

माझा स्वभाव तुला माहीत आहे, कुणी दोनदा हसून बोललं की मी आधी माझी पर्स तपासते. त्यानंतर तर मला सगळेच कटात सामील दिसायला लागले. मी आत गेले की मॅनेजरच्या खोलीतलं बोलणं बंद. लाइटवाला, जो एरवी माझ्याशी वाद घातल्याशिवाय चहा पीत नाही, तो नजर चुकवायला लागला. नाटकातली बायको माझ्याशी इतकं गोड बोलायची की मला दातांत कळ यायची. आणि मग एक दिवस मॅनेजरची भाची उगवली. हातात काय, तर आमच्या नाटकाची संहिता! शिकायला आलीय म्हणे. आणि उभी कुठे राहते, तर समोरच्या उजव्या विंगेत. मी म्हटलं, संपलं, आपल्या जागी दुसरी तयार झाली. काकांनी स्वतः तोंड उघडलं नाही, मॅनेजरकडून माझा पत्ता कापतायत. घरी जाऊन मी किती रडले ते सांगत नाही, पण रडता रडता त्या भाचीला शिव्याही पुष्कळ दिल्या.

आणखीही होतं. काका एकटे यायचे बंद झाले, मॅनेजरची गाडी त्यांना आणायला-सोडायला जायला लागली. नाटकातली बायको प्रत्येक प्रवेशाला त्यांच्या कोपराला धरून स्टेजवर जायची. मी म्हटलं, हे काय नवीन थेर? मग तालमी लागल्या. ढमे, जे नाटक वर्षानुवर्षं चाललंय त्याची तालीम कशाला? मला वाटलं, माझ्याच चुका पकडायला. तेव्हा मी ठरवलं, यांना पकडायचं. काका मला मुद्दाम छळतायत का, ते आज बघतेच.

आता जे सांगते ते वाचून तू मला काय वाटेल ते बोल. तालमीत पहिला अंक चालू होता, काका थांबले, आणि मी जाणूनबुजून तिसऱ्या अंकातलं वाक्य दिलं. नाटकातली मुलगी घर सोडून गेल्यावरचं, दार उघडं ठेवा म्हणणारं. मला वाटलं, आता रागावतील, संहिता हिसकावून घेतील, आणि एकदाचा सोक्षमोक्ष लागेल. काकांनी ते वाक्य घेतलं. डोळ्यांत पाणी आणून म्हटलं. मुलगी समोर उभी होती, हातात चहाचा ट्रे घेऊन, आणि हे तिच्याकडे बघत गेलेल्या मुलीसाठी दार उघडं ठेवा म्हणत होते. तरीसुद्धा मला त्याचं काही वाटलं नाही बघ. मला हादरवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. कुणीही दचकलं नाही. ट्रेवाल्या मुलीने ट्रे ठेवला, नाटकातल्या बायकोने शांतपणे एक वाक्य जोडलं आणि त्यांना हाताला धरून पहिल्या अंकात परत आणलं. लाइटवाल्याने मानसुद्धा वर केली नाही. सगळ्यांना सवय झालेली होती. फक्त मलाच माहीत नव्हतं.

मी सरळ मॅनेजरच्या खोलीत घुसले. त्याने दार लावलं, पाणी दिलं आणि मग सगळं ओकून टाकलं. काकांना आता एकही वाक्य आठवत नाही. विंगेतून जे येतं ते म्हणतात, एवढंच. मी सवयीने प्रत्येक वाक्य आधीच देत असते, म्हणून मला फरक कळलाच नाही. काकू होत्या तोवर त्या घरी रोज सकाळी स्वयंपाक करता करता त्यांच्याकडून सगळं नाटक म्हणवून घ्यायच्या, म्हणून कुणाला कळलंच नाही. त्या गेल्या आणि सगळं उघडं पडलं. त्या दिवशीच्या माझ्या वाक्याने जे तोवर नुसते शंका घेत होते त्यांचीही खात्री पटली. भाची उजव्या विंगेत का, तर काकांची पाठ माझ्याकडे असली की माझा आवाज त्यांना लागत नाही. तालमी कशाला, तर ते भरकटले की बाकीच्यांनी सावरायचं कसं ते बसवायला. मला का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाला, तुझ्या तोंडाला कुलूप नाही आणि तू त्यांच्या मुलीची मैत्रीण. वर म्हणे, स्टेजवर ते हरवत नाहीत, बाहेर हरवतात, मग त्यांना स्टेजवरून खाली कशाला आणायचं? बोलताना त्याचे डोळे भरले होते. पण पुढच्या महिन्यात लांबचा दौरा लावलाय त्याने, सगळे प्रयोग भरलेले, आणि पोस्टरवर काकांचाच चेहरा. त्याचा जीव काकांवर आहे की पोस्टरवर, ते मला अजून कळलेलं नाही. माझा त्या माणसावर काडीचा विश्वास नाही. आणि तरीही त्याने माझ्याकडून शब्द घेतला, तुला कळवायचं नाही म्हणून, आणि मी दिला.

म्हणजे मीसुद्धा कटात सामील झाले. आणि बाकीच्यांपेक्षा जास्त. तुझा रविवारचा फोन येतो ना, दुपारच्या प्रयोगानंतर? एकदा काकांच्या तोंडाला मेकअप होता म्हणून मी फोन लाउडस्पीकरवर लावून आरशापुढे ठेवला. तू विचारलंस, बाबा, गुडघा कसा आहे? काकांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. अगदी तस्सं, जसं स्टेजवरून बघतात. आणि माझ्या तोंडून सवयीने गेलं, बराय गं, काळजी करू नकोस. त्यांनी ते असं म्हटलं की तुझा आवाज भरून आला. मग दर रविवारी तेच. तू मला मेसेज केलास, बाबा हल्ली किती मोकळं बोलतात, पूर्वी नुसतं हं-हं करायचे. मी तो वाचला आणि फोन पालथा ठेवला. अगं, तुझी फार आठवण येते असं काका जन्मात कधी कुणाला म्हणालेत का? तुला खरंच संशय आला नाही? ते मी म्हणत होते. खोटं नव्हतं गं, पण माझं होतं.

आणि मग या रविवारी तू मधेच विचारलंस, बाबा, आई मला लाडाने काय म्हणायची हो? आणि उत्तराची वाट बघत राहिलीस. मला वाटतं तू मुद्दाम विचारलंस. काकांनी आरशात माझ्याकडे बघितलं. ढमी हे नाव मी ठेवलेलं, ते काकूंचं नव्हे, आणि काकूंचं मला माहीत नाही. काका थांबले होते, अजिबात घाबरलेले नव्हते, आता येईल वाक्य अशा पूर्ण विश्वासाने थांबले होते. माझ्याकडे काहीच नव्हतं. शेवटी मी कुजबुजले, आवाज तुटतोय गं, ते म्हणाले, आवाज तुटतोय गं, आणि मी फोन बंद केला. आवाज तुटत नव्हता, ढमे. म्हणून लिहितेय. दौऱ्याला जायचं की नाही, ते मॅनेजरने ठरवायचं नाही आणि मीही नाही, तू ठरवायचंस. तू ये. आलीस की त्यांच्यासमोर बस आणि मला खोलीच्या बाहेर काढ, अगदी खाली रस्त्यावर पाठव, कारण मी दाराशी उभी राहिले तरी माझं तोंड बंद राहायचं नाही. जे बोलतील ते थोडं असेल, कदाचित तू कोण तेही विचारतील, पण ते त्यांचं असेल. तिकीट काढलंस की कळव, त्यांच्या फोनवर नको, माझ्या.

तुझीच,
तोंडाला कुलूप नसलेली